‘लेव्हल’ म्हणजे नक्की कुठली? व्याख्यांच्या भांडणाचा एक इतिहास

पीएचडीच्या प्रेझेंटेशनमध्ये एक प्रश्न हमखास येतो: “हा शब्द तुम्ही कुठल्या अर्थानं वापरताय?” बहुतेक जण पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतात आणि पुढच्या स्लाइडवर जातात. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: “हा शब्द तुम्ही नेमका कशाला लावताय?” याचं उत्तर तयार नसेल तर पुढचं सगळं डळमळतं.

या दोन प्रश्नांतला फरक समजून घ्यायला मी आज प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेणार आहे. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणारे लोक गेली पन्नास वर्षं शब्दांवरून भांडतायत. आणि ती भांडणं बरीच शिकवून जातात.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं. एक जण सूत्रधार असतो; तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करेल ते सांगतात, आणि निकाल शंकास्पद असेल तिथे फासे टाकतात. बस्स, इतकंच.

आता गंमत बघा. या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पण मुखपृष्ठावर ‘रोलप्लेइंग’ हा शब्दच नव्हता! तिथे होतं ‘वॉरगेम्स’, कारण दोघंही छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींतले होते. सूत्रधाराला पुस्तकात ‘रेफरी’ म्हटलं होतं, तोही त्याच परंपरेतला शब्द. ‘डंजन मास्टर’ हे नाव नंतर रुळलं. पुढे प्रत्येक खेळानं आपापलं नाव काढलं: 1981 च्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये तो ‘कीपर’ झाला, 1991 च्या ‘व्हॅम्पायर’मध्ये ‘स्टोरीटेलर’.

वस्तू आधी आली, नाव मागाहून चिकटलं. मधल्या काळात ‘हा खेळ आहे तरी काय’ यावर खेळाडूंनी हौशी नियतकालिकांतून पानंच्या पानं लिहिली. लॉस एंजेलिसहून ली गोल्ड यांनी 1975 मध्ये सुरू केलेलं ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ हे त्यातलं महत्त्वाचं. जॉन पीटरसन या इतिहासकारानं अशाच कागदपत्रांवरून 2020 मध्ये ‘द इल्युसिव्ह शिफ्ट’ हे पुस्तक लिहिलं. आज ‘निरर्थक वाद’ म्हणून सोडून दिलेली भांडणं उद्या कुणाची तरी प्राथमिक साधनं होतात, हे जाता जाता लक्षात ठेवा.

एक शब्द, चार मोजमापं

‘लेव्हल’चं उदाहरण घ्या. या खेळात पात्राला लेव्हल असते, मंत्राला असते, राक्षसाला असते आणि तळघराच्या मजल्यालाही असते. म्हणजे नवव्या लेव्हलचं पात्र आठव्या लेव्हलवर सातव्या लेव्हलच्या राक्षसाला चौथ्या लेव्हलचा मंत्र मारू शकतं. नवख्या माणसानं काय समजायचं?

हा घोळ गायगॅक्सला दिसत होता. 1978 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्यानं सांगितलंय की पात्रासाठी ‘रँक’, मंत्रासाठी ‘पॉवर’ आणि राक्षसासाठी ‘ऑर्डर’ असे वेगळे शब्द ठेवायचा विचार झाला होता. पण ‘लेव्हल’ लोकांच्या तोंडी इतका बसला होता की चारही अर्थांनी तोच ठेवला.

इथे कुणाचं फारसं बिघडलं नाही, कारण संदर्भावरून अर्थ लगेच कळतो. मंत्राची लेव्हल आणि मजल्याची लेव्हल यांत गफलत झाली तर ती त्याच वाक्यात उघडी पडते. खरा त्रास होतो तो गफलत दिसतच नाही तेव्हा.

‘सिम्युलेशन’चं काय झालं

1980 मध्ये ग्लेन ब्लॅकोनं ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या मासिकात एक लेख लिहून या खेळाचे चार कल सांगितले: रोलप्लेइंग, कथाकथन, वॉरगेमिंग आणि पॉवर गेमिंग. लोकांनी ती विभागणी उचलली, कारण एकाच टेबलावर बसलेल्या दोघांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात हा सगळ्यांचाच अनुभव होता.

1997 च्या सुमारास खेळाडूंच्या चर्चेतून ‘थ्रीफोल्ड मॉडेल’ आकाराला आलं. त्यात मेरी कुनर यांचा मोठा वाटा होता, आणि जॉन किम यांनी ते पुढे नीट लिहून काढलं. या मॉडेलचा प्रश्न असा: सूत्रधार निर्णय घेतो तो कशाच्या आधारावर? खेळाडूंना न्याय्य आव्हान मिळावं म्हणून घेतला तर ‘गेम’. गोष्ट रंगावी म्हणून घेतला तर ‘ड्रामा’. आणि त्या काल्पनिक जगात जे घडेल तेच घडू द्यायचं, बाहेरचा विचार आणायचा नाही, असं ठरवून घेतला तर ‘सिम्युलेशन’.

दोनच वर्षांनी, 1999 मध्ये, रॉन एडवर्ड्स या गेम डिझायनरनं ‘सिस्टिम डझ मॅटर’ हा लेख लिहिला. त्यानं थ्रीफोल्डवरून प्रेरणा घेतली आणि तीन नावं वापरली: गेमिस्ट, नॅरेटिव्हिस्ट, सिम्युलेशनिस्ट. वरवर पाहिलं तर तेच मॉडेल. पण आता ही नावं खेळाडूंच्या दृष्टिकोनाला लागली होती. 2001 च्या मोठ्या निबंधात त्यानं ती माणसांऐवजी खेळातल्या निर्णयांना आणि वर्तनाला लावली. पुढे तर एखादा निर्णय पाहून काही कळत नाही, खेळाचा बराच सलग तुकडा पाहावा लागतो, अशी भूमिका आली.

शिवाय ‘सिम्युलेशन’चा आशयही बदलला होता. एक प्रसंग घ्या. सुपरहिरो कड्यावरून दोराला लटकलाय. सूत्रधार दोराची जाडी आणि हिरोचं वजन बघून ठरवतो की दोर तुटेल. दोन्ही मॉडेलांत हे सिम्युलेशन. आता दुसरा सूत्रधार म्हणतो, “कॉमिक्समध्ये अशा वेळी दोर शेवटच्या क्षणी तुटतो, म्हणून तुटू दे.” थ्रीफोल्डमध्ये हा सरळ ड्रामा, कारण कथेची गरज बघितली. एडवर्ड्सच्या चौकटीत मात्र हा सिम्युलेशनमध्ये बसू शकतो, कारण एका कथाप्रकाराचा अनुभव हुबेहूब उभा करणं हेच तिथे ध्येय आहे. जॉन किम यांनी हा फरक लिहून दाखवला होता. तरी लोक वर्षानुवर्षं एकमेकांना “तुला सिम्युलेशन कळलंच नाही” असं ऐकवत राहिले. दोघांनाही कळलं होतं. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते, इतकंच.

आणि यात मनं दुखावली जायची. कारण 1999 नंतर ‘सिम्युलेशनिस्ट’ ही कुणाची तरी ओळख झाली होती. आपल्या आवडीचं नाव दुसऱ्यानं घेतलं, त्यात उरलंसुरलं सगळं कोंबलं, आणि वर तुमचा आवडता खेळ ‘विसंगत’ आहे म्हणून सांगितलं, तर कोण गप्प बसेल?

आपल्या घरातलं उदाहरण

हे फक्त खेळाडूंचंच होतं असं समजू नका. मराठी विश्वकोशातली वनस्पतींची नोंद उघडा. तिथे ‘प्रजाती’ हा शब्द जीनससाठी भेटतो आणि ‘जाती’ स्पीशीजसाठी. वर्तमानपत्रात मात्र ‘फुलपाखराची नवी प्रजाती सापडली’ म्हणजे नवी स्पीशीज. दोन्ही वापर रुळलेले आहेत. पण एकीकडून आकडा उचलून दुसरीकडच्या आकड्याशेजारी ठेवलात, तर तुमचा तक्ता चुकीचा होईल आणि प्रूफ वाचणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक मुख्य संज्ञेशेजारी पेन्सिलनं तीन गोष्टी लिहा. एक, ही संज्ञा मी कशाला लावतेय: व्यक्तीला, एका कृतीला, की पूर्ण प्रक्रियेला? दोन, ज्यांच्याकडून घेतली त्यांनी ती कशाला लावली होती? तीन, काय दिसलं तर मी म्हणेन की ही संज्ञा इथे लागू नाही?

तिसऱ्याचं उत्तर सुचत नसेल तर सावध व्हा. जी संज्ञा कशालाच नाही म्हणत नाही, ती काही मोजतही नाही. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याहून वेगळं निघालं तर घाबरायचं कारण नाही. तसं स्पष्ट लिहा, किंवा सरळ नवा शब्द घ्या. गायगॅक्सला 1978 मध्ये ते जमलं नाही, कारण चार वर्षांत जुना शब्द हजारोंच्या तोंडी बसला होता. तुमचा सिनॉप्सिस अजून गाइडच्या टेबलावर आहे, तोवर बदलून घ्या.