दारापुढचा चिखल



हिवाळ्यांत एखाद्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकांठीं दंव गोठतें आणि गवतावर पांढरी झांक येते. आमच्या सातारा-सांगलीकडचें हिम म्हणावयाचें तें एवढेंच. सूर्य वर आला कीं तें आपलें आपण निघून जातें. जर्मनीसारख्या थंड देशांत मात्र अनेक शहरांचा असा नियम आहे कीं, घरापुढील पदपथावरचें बर्फ घरमालकानेंच दूर करावें. मोठा रस्ता नगरपालिकेनें पाहावा, दारापुढची वाट घरवाल्यानें. आमच्याकडे बर्फाचें काम पाऊस करतो. घाटांत तो दरडी पाडतो, आणि कृष्णेला पूर आणून सांगलीच्या गल्ल्यांत गाळाचा थर ठेवून जातो. अडलेली वाट मोकळी करण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न म्हणून आमचाहि आहे. आणि त्याचा पूर्वेतिहास फारसा अभिमानास्पद नाहीं.

जुन्या गांवगाड्यांत वाटा झाडणें, मेलेलीं जनावरें ओढून नेणें, अंमलदाराचें ओझें वाहणें हीं कामें महारांच्या व इतर कनिष्ठ मानलेल्या वतनदारांच्या माथीं मारलेलीं होतीं. ‘वेठीला धरणें’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतों. परंतु त्यामागें फुकट राबविलेल्या माणसांच्या कित्येक पिढ्या उभ्या आहेत. १९०० सालीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ज्यांचें नांव दाखल झालें, त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाचा कायदा सुधारण्यासाठीं विधेयक मांडलें. हीं कनिष्ठ वतनें नाहींशीं करणारा कायदा होण्यास मात्र १९५८ साल उजाडावें लागलें. यास्तव, ‘पूर्वीं लोक आपण होऊन गांव स्वच्छ ठेवीत’ असें कोणी सांगूं लागला, तर ‘ते लोक कोण?’ असें त्याला अवश्य विचारावें.

तथापि, दुसरीहि एक परंपरा याच मातीनें पाहिली आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गांवांत शिरले कीं प्रथम खराटा हातीं घेत. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत मनें झाडीत. त्यांना खराटा कोणी दिलेला नव्हता. त्यांनीं तो आपण होऊन उचलला होता. वेठ आणि श्रमदान यांतला भेद तो हाच. काम तेंच असतें. परंतु एकांत तें दुसऱ्यावर लादलेलें असतें, दुसऱ्यांत स्वतः स्वीकारलेलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढें साताऱ्याच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून त्यांना अंगमेहनतीचें वळण लावलें. श्रमाची लाज तेथें शिक्षणानेंच घालविली. पुढें २००० सालीं, तासगांव तालुक्यांतील अंजनीचे सुपुत्र व त्या वेळचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनीं गाडगेबाबांच्याच नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, तेव्हां खेड्याखेड्यांतून लोकांनीं खराटे हातीं घेतले.

एवढा इतिहास मीं वर्गांत मुलांना अनेकदां सांगितला होता. परंतु परीक्षा माझीच व्हावयाची होती. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. २००५ सालीं पाणी ५३ फुटांपलीकडे गेलें, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें तर त्यानें ५७ फुटांचीहि रेषा ओलांडली. पाणी ओसरल्यावर मीं मोठ्या उत्साहानें फावडें घेतलें आणि दारापुढचा सारा गाळ समोरच्या गटारांत लोटून दिला. दोन दिवसांनीं पावसाची एक सर आली. गटार तुंबलें आणि तेंच घाण पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर चढलें. सफाईचें काम करणारा एक गृहस्थ मान खालीं घालून तें गटार उपसत होता. तो एवढेंच म्हणाला, “गुरुजी, तुमचं दार मोकळं झालं, पण हे आता आमच्याच वाट्याला आलं.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. श्रमदान म्हणून मीं जें केलें, त्यानें वेठ तेवढी दुसऱ्याच्या माथीं गेली होती.

तेव्हांपासून कांहीं गोष्टी मीं मनाशीं बांधून ठेवल्या आहेत. गाळ ओला आहे तोंवरच काढावा; वाळला म्हणजे तो दगडासारखा घट्ट होतो. तो गटारांत किंवा मोरीच्या तोंडाशीं कधींहि लोटूं नये. गाडी जाण्यापुरती वाट सोडून रस्त्याच्या कडेला त्याचा एकच ढीग करावा. भिजलेल्या गाद्या, फुटक्या कांचा, मेलेलीं जनावरें यांची सरमिसळ गाळांत होऊं देऊं नये. नाहीं तर उचलणाऱ्याचे हात कापतात. पायांत गमबूट व हातांत मोजे असावेत. पुराच्या चिखलांतून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग जखमेवाटे शिरतात. आणि आपलें दार झालें कीं, ज्या घरीं म्हातारें माणूस एकटें राहतें, त्या घराचें दार पाहावें.

घाटांतील दरडीची गोष्ट निराळी; तेथें उत्साहाला लगाम हवा. जुलै २०२१ मध्यें महाबळेश्वरीं एका दिवसांत ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. त्याच अतिवृष्टींत पाटण तालुक्यांतील आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें डोंगर घरांवर आला, आणि आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणीं तुटला. पडलेल्या दरडीवरचा उतार सैल असतो. तो पुन्हां केव्हां खालीं येईल याचा नेम नसतो. तेथें फावडें घेऊन जाऊं नये. दोन्ही बाजूंनीं वाहनें थांबवावींत, पोलीस व बांधकाम खात्यास कळवावें, आणि माती उपसणें यंत्रांवर सोपवावें. लोकांचें खरें काम त्याच्या आधींचें आहे. मृगापूर्वीं रस्त्याकडेचे चर व मोऱ्या मोकळ्या कराव्यात, म्हणजे पाणी रस्त्यावर न येतां आपल्या वाटेनें जाईल. डोंगराला नवी भेग दिसली, झाडें कललीं, किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर तें त्याच दिवशीं ग्रामपंचायतीच्या कानीं घालावें व घर सोडण्याची तयारी ठेवावी.

नगरपालिका आणि सरकार यांचें कर्तव्य यानें कमी होत नाहीं. कर आपण त्यासाठींच भरतों. परंतु पूर ओसरल्याच्या पहिल्या सकाळीं पालिकेची गाडी प्रत्येक गल्लींत पोहोंचणें शक्य नसतें, आणि रुग्णाला घेऊन जाणारी गाडी मात्र त्याच सकाळीं यावयाची असते. तिच्यापुरती वाट मोकळी करणें घरोघरच्या माणसांच्या हातीं आहे. ती करतांना आपला चिखल दुसऱ्याच्या वाट्याला जाणार नाहीं, एवढी काळजी घ्यावी.