मुक्कामाची बाई

सुईणीला बोलावणं बहुधा रात्रीच यायचं. 1980च्या दशकात नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून रुजू झाले, तेव्हा बाळंतपण तिच्याच हातात होतं. आमच्या उपकेंद्राकडे लोक पाहायचे ते लसीसाठी आणि कुटुंबनियोजनासाठी.

सुईण गावातलीच, पुष्कळदा मांग किंवा न्हावी घरातली. नाळ कापायला तिचा हात चालायचा, मांगाघरची असली तर पाण्याच्या हंड्याला मात्र चालायचा नाही. मुलगा झाला तर पायलीभर ज्वारी, नारळ, खण. मुलगी झाली की निम्म्यावर बोळवण. तरी कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत ती हलायची नाही. पुढे दहा-बारा दिवस बाळंतिणीचं अंग चोळणं, बाळाला न्हाऊ घालणं, शेक देणं तीच करायची.

तिच्या हातून जीवही गेले, तेही सांगितलंच पाहिजे. नाळ विळ्याने कापायची आणि वर राख नाहीतर शेण लावायचं. पाचवी पुजून दोन-तीन दिवस होतात तोच बाळ दूध ओढायचं सोडायचं, जबडा घट्ट मिटायचा, हात लावला की अंग ताठ व्हायचं. घरचे सटवाईला दोष द्यायचे. तो धनुर्वात होता. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची तिची रीत मात्र वाईट नव्हती. नाळ लगेच कापू नका, असं आता वैद्यकशास्त्रही सांगतं.

1970च्या दशकाच्या अखेरीस सरकारने सुईणींच्या प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा अशी साधी सामग्री. मी शिकवलेल्या एका म्हाताऱ्या सुईणीने ब्लेडचं पाकीट पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं, ऐनवेळी शोधायला नको म्हणून. तिने नखं कापून, कोपरापर्यंत हात धुऊन दाखवले, ते बघून मला भरून आलं. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ही स्वच्छता यांनी काम केलं. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं 2015 साली जाहीर झालं.

आमच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970पासून गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत हेच केलं. घरी जाऊन बाळ तपासणाऱ्या गावच्या बायकांमुळे नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली जगापुढे आलं. दोन्हीकडे काळजी घेणारी बाई गावातच मुक्कामाला होती.

2005नंतर वारं फिरलं. दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, सुईणींचं प्रशिक्षण मागे पडलं. महाराष्ट्रात दवाखान्यातल्या प्रसूती सुमारे 65 टक्क्यांवरून 2019-21मध्ये जवळपास 95 टक्क्यांवर गेल्या. हे बरंच झालं. रक्तस्राव सुरू झाला की घरात कुणाचंच काही चालत नाही, ते मी पाहिलंय. आडवं मूल, अडलेली वार, झटके यांना दवाखानाच हवा.

पण प्रसूती हलली तसा गावातला मुक्कामही हलला. उपकेंद्राला राहायची खोली कागदावर असते; नळाला पाणी नसतं, छत गळतं, मग नर्स तालुक्याला राहून ये-जा करते. दिवसा उपकेंद्र उघडं, रात्री कुलूप. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, गावात राहते, बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारते, पण तिने सोबत करायची, प्रसूती नव्हे. आणि कायम पगाराऐवजी मानधन व कामागणिक मोबदला. सुईणीला ज्वारीवर राबवलं, हिला मोबदल्यावर राबवतोय. मला हे अन्यायाचं वाटतं.

येत्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या उपकेंद्रात नर्सबाई रात्री राहू शकेल अशी, पाणी-वीज असलेली खोली आहे का? नसेल तर ती दुरुस्त करण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्या.