डीएनए अहवाल, मूळ वंश आणि आपण

नागपुरातल्या वस्त्यांमध्ये आम्ही अभ्यासवर्ग घेतो. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मोबाइल पुढे करून तोच संदेश वाचून दाखवतो : अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या डीएनए अहवालाने अमुक जाती परदेशी आणि आपण मूलनिवासी असल्याचे सिद्ध झाले आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना 'ही भूमी आधी आमची' असे म्हणावेसे वाटणे साहजिक आहे. पण तो अहवाल स्वतः वाचलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे.

हा अहवाल म्हणजे उटाह विद्यापीठातील मायकेल बामशाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००१ साली 'जीनोम रिसर्च' या नियतकालिकात आलेला शोधनिबंध. नमुने घेतले होते आंध्र प्रदेशातील काही जातींमधील पुरुषांचे. त्यात ब्राह्मणांपासून माला-मादिगांपर्यंतचे लोक होते. आढळले असे की आईकडून येणारा डीएनए सर्वच जातींत आशियाई लोकांशी जवळचा आहे, तर बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र जात जितकी 'वरची' तितके युरोपीय लोकांशी अधिक जुळते. निष्कर्ष काय? या जाती मुळात आशियाई वंशाच्या असून त्यांच्यात पश्चिमेकडून आलेल्यांची कमीअधिक सरमिसळ झाली. 'परदेशी' आणि 'मूलनिवासी' अशी विभागणी या निबंधात कुठेही नाही.

शिवाय वाय गुणसूत्र एकाच धाग्याची गोष्ट सांगते. दहा पिढ्या मागे गेलो तर वंशावळीत १०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यांपैकी फक्त एका पुरुषाचा पत्ता देते. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच भांड्यातला असेल तरच.

पुढे संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास सुरू झाला. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील लालजी सिंग, के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइक यांनी २००९ साली 'नेचर'मध्ये २५ समूहांचा अभ्यास मांडला. भारतीय समूहांपैकी बहुतेकांत दोन प्राचीन पूर्वजसमूहांचे मिश्रण आढळले. उत्तरेकडच्या पूर्वजांचा वाटा बहुतेक समूहांत ३९ ते ७१ टक्क्यांच्या दरम्यान होता. तो कमी-जास्त आहे, तथाकथित वरच्या जातींत अधिक आहे; पण मुख्य भूमीवर शुद्ध म्हणावे असे कोणी सापडले नाही.

२०१९ साली आणखी दोन मोठे निबंध आले. 'सायन्स'मधील निबंधात ५२३ प्राचीन सांगाड्यांचा डीएनए होता. त्यावरून स्टेप गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा वंश इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास दक्षिण आशियात आला असे दिसते, आणि उत्तरेतील काही ब्राह्मण समूहांत तो अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो. 'सेल'मधील निबंध राखीगढीतील एका स्त्रीच्या सांगाड्याचा. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्याचे प्रमुख लेखक. तिच्यात स्टेपचा वंश नव्हता. काहींनी लगेच जाहीर केले की बाहेरून कोणी आलेच नाही. हे म्हणजे पाहुणे येण्याआधी काढलेला फोटो दाखवून पाहुणे आलेच नव्हते म्हणण्यासारखे झाले. दोन्ही निबंधांचे अनेक लेखक सामाईक आहेत आणि दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

म्हणजे स्थलांतर झाले, आणि मिश्रणही झाले. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासानुसार हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होते. आज स्वतःला अगदी वेगळे समजणाऱ्या समूहांचे पूर्वज त्या काळात एकमेकांत मिसळत होते. मग ते थांबले. आमच्या मते जनुकशास्त्राने दिलेली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच आहे. कोण आधी आले यापेक्षा दार कधी बंद झाले, हा प्रश्न आपल्या कामाचा आहे.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात हेच सांगितले होते : भारतातील लोक वंशाने मिश्र आहेत, आणि जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचे त्या काळचे आकडे घेऊनच अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचा सिद्धांत खोडला आणि अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास, गुप्तकाळात ठेवला. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेतील पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी जनुकांवरून अनेक समूहांत बाहेरची लग्ने थांबल्याचा काळ काढला, तो सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे गुप्तकाळाच्याच आसपासचा. यावरून लगेच 'बाबासाहेब विज्ञानाने सिद्ध झाले' असे फलक लावू नयेत. अस्पृश्यता आणि जातबंद लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येक समूहाचा काळ वेगळा असू शकतो. बाबासाहेबांनी आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांतही नाकारला होता. आज स्थलांतराचा पुरावा समोर आहे. पुरावा बदलला की मत तपासायचे, ही पद्धत त्यांचीच.

दार बंद झाल्याचा परिणाम शरीरावरही दिसतो. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूह तपासले गेले. त्यांपैकी ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होत्या. अशा समूहांत काही आनुवंशिक आजार एकवटतात. दक्षिणेतील वैश्य समाजात शस्त्रक्रियेवेळी स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचा असर लवकर न उतरण्याचा दोष याच कारणाने अधिक दिसतो.

आपल्याकडचे उदाहरण सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि आपल्या समाजात बराच आहे. म्हणून तो 'जातीचा रोग' ठरत नाही. मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकले, कारण एकाच पालकाकडून ते मिळालेल्या बाळाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही ते आहे. एएस म्हणजे वाहक. तो साधारणपणे निरोगी असतो आणि त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता २५ टक्के. जवळच्याच वर्तुळात लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. सरकारी आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळते. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. लाळेची नळी परदेशी कंपनीला पाठवून पूर्वजांची टक्केवारी मागवणाऱ्या मित्रांना आम्ही आधी ही तपासणी करून घ्यायला सांगतो.

धम्मदीक्षेला इतकी वर्षे होऊनही आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत पोटजात विचारली जाते. आमच्या गटाने मेळाव्याच्या अर्जातून तो रकाना काढला आणि त्या जागी सिकलसेल तपासणीचा रकाना टाकला. काही पालक अजून त्या रकान्यातही पोटजातच लिहून आणतात. तो अर्ज आम्ही परत देतो, सोबत आरोग्य केंद्राचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी जोडून.