ब्रेक शूचे अस्तर

जुन्या गाड्यांचे शौकीन नवे ब्रेक शू घालताना 'ओरिजिनलच पाहिजे' म्हणून हटून बसतात. इंजिनाच्या बाबतीत हा हट्ट मला कळतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र तो मेस्ताच्या छातीवर बेततो, आणि त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या उतारांवर गाडीवान ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे बांधत. ते पाहून हर्बर्ट फ्रूडला ब्रेकच्या अस्तराची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ साली त्याने उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यात पत्नी एलिझाबेथच्या नावाचे आद्याक्षर मिसळून त्याने 'फेरोडो' हे नाव घडवले. त्याची सुरुवातीची सुती अस्तरे तापली की करपत. म्हणून १९०८ साली त्याने अ‍ॅस्बेस्टॉस वापरले. ते ना जळे, ना लवकर झिजे. मग जगभर तेच रूढ झाले.

तोवर लुई रेनोने १९०२ साली ड्रमच्या आत शू बसवले होते. ब्रेक दाबला की शू बाहेर फाकतात आणि फिरत्या ड्रमला घासतात. पुढचा शू तर ड्रमबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो, म्हणजे चाकच स्वतःला थांबवायला मदत करते! आपल्या फियाट ११०० च्या चारही चाकांना हीच व्यवस्था होती.

गोव्यात १९६१ पूर्वी आयात गाड्या आल्या. नंतर त्यांचे सुटे भाग मिळणे कठीण झाले, तेव्हा लोखंडी शू तोच ठेवून त्यावर नवे अस्तर रिवेटने ठोकायचे, हीच रीत चालली. रिवेटचे डोके अस्तरात खोल बसले पाहिजे, नाहीतर ड्रमला चरे पडतात. ड्रम लेथवर घासून मोठा झाला असेल, तर अस्तराची गोलाईही त्याला जुळवावी लागते, नाहीतर शू मधेच टेकतो. आणि एका बाजूचेच शू कधी बदलू नयेत, गाडी एकीकडे ओढते.

पण ड्रम काढला की आत काळी भुकटी असते. किती मेस्तांनी ती तोंडाने फुंकून वा हवेच्या नळीने उडवली असेल! अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतून बसतात, आणि कर्करोग व्हायला कित्येक वर्षे जातात, त्यामुळे दोष नेमका कुठल्या गराजाचा हे कळतच नाही. ब्रिटनने १९९९ साली त्यावर बंदी घातली.

जुन्या साठ्यातली 'अस्सल' अस्तरे शोधणाऱ्यांना एवढेच सांगतो, की आपल्याकडच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमांत चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात ठेवण्याचा उल्लेख आहे, अस्तराचा नाही. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित अस्तर तोच शू खुशाल पेलतो. आणि जुने शू काढताना भुकटी फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. मेस्ताच्या नाकावर नुसता रुमाल पुरत नाही, धुळीसाठीचा खरा मुखवटा पात्रांवने आणून द्यावा.