भूक, रक्त आणि मज्जातंतु

पचनाचा सारा कारभार मज्जातंतु चालवितात, ही रशियांतील पाव्हलॉव्ह यांची शिकवण. तिचा दबदबा मोठा. १९०२ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस व स्टार्लिंग यांनीं कुत्र्यास बेशुद्ध करून त्याच्या लहान आंतड्याच्या एका भागाचे मज्जातंतु तोडले व त्या भागांत आम्ल घातलें. तरीहि स्वादुपिंड पाझरूं लागलें! निरोप गेला होता रक्तावाटें. असल्या निरोप्या द्रव्यांस स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं ‘हॉर्मोन’ म्हटलें.

भुकेशीं त्यांचा संबंध लागावयास पुष्कळ काळ लोटला. कोलेसिस्टोकायनिन हें आंतड्यांतील द्रव्य १९२८ पासून ठाऊक होतें, पण पित्ताशय आकुंचित करणारें म्हणून. १९७३ सालीं अमेरिकेंत गिब्ज, यंग व स्मिथ यांनीं जठरास छिद्र ठेवलेले उंदीर घेतले. खाल्लेलें अन्न बाहेर गळून जाई आणि ते बापडे खातच राहत. हें द्रव्य टोंचतांच त्यांचें खाणें थांबलें, पोट रिकामें असूनहि.

रक्ताचीच सरशी झाली असें वाटावें, तोंच १९८१ सालीं स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंदूपासून जठरापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतु उंदरांत तोडून पाहिला. आतां पोटांत टोंचलेल्या कोलेसिस्टोकायनिनास उंदीर दाद देईनात.