जोखमी हुंडी ते मोटारीचा विमा

मालवणसारख्या बंदरातून शिडाचे गलबत निघे, तेव्हा माल पोहोचेलच याची खात्री नसे. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला होता तो ‘जोखमी हुंडी’चा. सावकार आपला मोबदला कापून व्यापाऱ्याला आधीच रक्कम देई. माल सुखरूप पोहोचला, तर हुंडीचे पैसे त्याला मिळत. गलबत बुडाले, तर पैसेही बुडत. एका गलबताचे भवितव्य सांगता येत नाही. शंभरांपैकी साधारण किती बुडतील, याचा अंदाज मात्र अनुभवाने बांधता येतो. मोटारीच्या विम्यामागेही संभाव्यतेचे हेच तत्त्व आहे.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. १९८८ च्या कायद्याने ती सक्ती कायम ठेवली. या विम्याचा मूळ हप्ता सरकार ठरवते. म्हणून एकाच प्रकारच्या गाडीला तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मात्र २००७ पासून कंपन्या ठरवू लागल्या. तेव्हा नव्या गाडीसाठी दरपत्रकांची तुलना करायची ती येथे. हप्ता कमी दिसला, तर गाडीची किंमतच कमी धरली आहे काय आणि दुरुस्तीच्या वेळी घसारा किती कापणार, हे पाहावे. मे २०२१ मधील तौक्ते वादळासारख्या प्रसंगी गाडीवर माड कोसळला, तर केवळ सक्तीच्या विम्यातून मालकाला काहीच मिळत नाही. जोखीम कोणाच्या पदरी राहते, हा हुंडीच्या काळचा प्रश्न आजही तोच आहे.