बुडालेला देव आणि परत बोलावलेला देव

आमच्या टीममधल्या एका पोराच्या दंडावर मध्यंतरी नवीन टॅटू उगवला. सरळ रेघांची, काटेरी अशी तीन अक्षरं. "रून्स आहेत, सर. व्हायकिंग लोकांची. प्रोटेक्शनसाठी." मूळचा भोरचा मुलगा. घरचं कुलदैवत विचारलं तर आईला फोन करावा लागेल म्हणाला, पण ओडिन नऊ रात्री झाडाला टांगून घेऊन रून्स कसा शिकला ते मात्र तोंडपाठ! हसू आलं, पण विषय डोक्यातून जाईना.

त्याच वीकेंडला भाटघरला गेलो होतो. मेचा शेवट, पाणी पार तळाला. हे धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झालं, तेव्हा गव्हर्नर लॉइडच्या नावाने 'लॉइड डॅम' म्हणत. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, आणि ते योग्यच, कारण कंकांचं भुतोंडे याच खोऱ्यातलं. साडेतेवीस टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. ते नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडे जातं आणि उसाला मिळतं. या पाण्याखाली जे गेलं त्यात वेळवंडीच्या पात्रातलं कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षातले दहाएक महिने महादेव पाण्यात. मे-जूनला पाणी हटलं की देऊळ बाहेर येतं, लोक दर्शनाला जातात, पाऊस लागला की पुन्हा बुडतं. जवळपास शंभर वर्षं हे चालू आहे आणि कुणी त्याला 'पुनरुज्जीवन' वगैरे म्हणत नाही.

आता आइसलँडला जाऊ. तिथेही देव पाण्यात गेले. इ.स. १००० च्या सुमारास (काही जण ९९९ म्हणतात) त्यांच्या महासभेत, म्हणजे आल्थिंगमध्ये, जुना धर्म की ख्रिस्ती धर्म यावर लोक हमरीतुमरीवर आले. निवाडा दिला थोरगेर नावाच्या सरदाराने, जो स्वतः जुन्या देवांचा पुजारी होता. गडी घोंगडं पांघरून दिवसरात्र पडून राहिला, मग उठून म्हणाला, सगळे ख्रिस्ती व्हा. घरात गुपचूप जुनी पूजा केली तर चालेल (ही सवलत थोड्याच वर्षांत गेली). आख्यायिका अशी की घरी परतताना त्याने देवांच्या मूर्ती एका धबधब्यात फेकल्या. त्या धबधब्याला आजही गोडाफॉस, 'देवांचा धबधबा', म्हणतात.

तिथून देव वर आले ते थेट १९७२ साली. स्वेनब्योर्न बेंतेनसन हा शेतकरी-कवी आणि त्याच्या काही मित्रांनी 'आसात्रू'ची संस्था काढली. मान्यता मागायला मंत्र्याकडे गेले. भेटीनंतर वीज कडाडली आणि रेक्याविकच्या मधल्या भागातले दिवे गेले, असं सांगतात. थोर हा विजेचाच देव, तेव्हा यापेक्षा चांगला डेमो काय असणार! १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. २००३ पासून प्रमुख पुरोहित आहेत हिल्मार ओर्न हिल्मार्सन. मूळचे संगीतकार, सिगुर रोस बँडबरोबर काम केलेले. साडेतीन-चार लाखांच्या देशात सभासद आता पाच हजारांच्या वर आहेत.

पण अडचण अशी की मधल्या साडेनऊशे वर्षांत पूजा करणारं कुणी उरलं नव्हतं. उरली होती पुस्तकं, आणि तीही ख्रिस्ती लोकांनी लिहिलेली. देवांच्या गोष्टींचा मोठा ग्रंथ रचणारा स्नोरी १२२० च्या आसपासचा, स्वतः ख्रिस्ती आणि पक्का राजकारणी. आमच्या भाषेत सांगायचं तर तिथे सोर्स कोड उरला, तोही अर्धवट, आणि सर्व्हर कधीच बंद पडला होता. आपल्याकडे उलट. सर्व्हर अखंड चालू, सोर्स कोड कुणाकडेच नाही.

हे पटवायला दगड पुरे. स्वीडनमध्ये रून्स कोरलेले अडीच हजारांवर दगड आहेत. ही सगळी गूढ मंत्रविद्या असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांवर मजकूर असा: अमक्याने आपल्या तमक्या बापाच्या आठवणीत हा दगड उभा केला. संपलं. कितीतरी दगडांवर वर क्रूससुद्धा आहे. म्हणजे स्मारकशिळा! आपल्या वीरगळाचे चुलतभाऊच. वीरगळावर खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. आणि गोटलंड बेटावरच्या चित्रशिळांवर मेलेला स्वार येतोय आणि एक बाई पेयाचं शिंग हातात घेऊन त्याच्या स्वागताला उभी आहे. फरक एवढाच की त्यांच्या दगडांवर नावं आहेत आणि आज त्यांना कुणी फूल वाहत नाही. आपल्या बहुतेक वीरगळांवर अक्षरच नाही. कोण मेला, कुणासाठी मेला, सगळं विसरलं गेलं. पण कुणीतरी शेंदूर फासतं, नारळ फोडतं, आणि वीराचा देव होतो.

अक्षरांत शक्ती असते हे मात्र दोन्हीकडे मानत. स्वीडनमधल्या ब्योर्केटोर्पच्या दगडावर, जो हे स्मारक मोडेल त्याचा नाश होईल असा शाप आहे. आपल्याकडे परळच्या ११८७ च्या शिलालेखात दान मोडणाऱ्याला गाढवासकट जो शाप आहे तो इथे लिहिण्यासारखा नाही. एगिलच्या सागामध्ये तर एका अर्धवट शिकलेल्या पोराने आजारी मुलीच्या अंथरुणात चुकीचे रून्स कोरून ठेवले, म्हणून तिचं दुखणं वाढलं. एगिल ते खरवडून जाळतो, नवे कोरतो, आणि बजावतो की ज्याला वाचता येत नाही त्याने कोरायच्या भानगडीत पडू नये. टॅटूवाल्यांच्या दुकानात लावावी अशी पाटी.

कारण आज 'रून मॅजिक' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच ताजं आहे. जुन्या रूनमालेत २४ अक्षरं, व्हायकिंगांच्या काळात १६. व्हिएन्नाच्या गुइडो फॉन लिस्टने १९०८ च्या पुस्तकात १८ मांडली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्टी असताना ती 'दिसली' म्हणे. १९८२ मध्ये राल्फ ब्लम या अमेरिकन लेखकाने भविष्य सांगण्यासाठी एक कोरा रूनही आणला. (त्याचा टॅटू निदान फुकट पडेल.) कोरा रून निरुपद्रवी होता, लिस्टचा वारसा नव्हता. त्याच्या वंशशुद्धीच्या कल्पना ज्या वर्तुळांत फिरल्या, तिथून पुढे एसएसच्या कॉलरवर दोन सिग रून्स आले. स्वस्तिकाचं काय झालं ते आपल्याला सांगायला नकोच.

म्हणजे गाळलेल्या जागा भरताना कोण काय भरतो यावर सगळं आलं. आपल्याकडेही भरल्या गेल्यात. फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) म्हसोबाला बळीराजाचा 'महासुभा' केलं. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्रात टिकणार नाही असं माझं मत. पण शेंदूर फासलेल्या दगडापुढे वाकणाऱ्या माणसाला 'तुझा देव अडाणी नाही, तो तुझ्या राज्याचा अधिकारी होता' असं सांगणं आणि 'तुझं रक्त शुद्ध, बाकीच्यांचं नाही' असं सांगणं, या दोन एकाच जातीच्या थापा नव्हेत. गणितज्ञ दामोदर कोसंबी या बाबतीत जास्त शिस्तीचे. पायी हिंडून, लोकांना विचारून, 'मिथ अँड रिअॅलिटी'मध्ये (१९६२) त्यांनी लिहिलं. भाटघरचं पाणी ज्या नीरेला मिळतं त्याच नीरेकाठी खाली वीर आहे. तिथल्या म्हस्कोबाचं लग्न जोगूबाईशी लागतं. पुराणात देवी ज्या महिषासुराला मारते, त्याच्याच नात्यातला वाटावा असा हा देव इथे देवीचा नवरा! कोसंबींना यात दोन समाज एकत्र आल्याची खूण दिसली. आसात्रूवाल्यांना असलं एक जिवंत लग्न बघायला मिळालं असतं तर त्यांनी काय दिलं नसतं?

असो. सोमवारी मी त्या पोराचा टॅटू नीट बघितला. तिसरं अक्षर म्हणजे पतंगाला दोन पाय फुटावेत तसं. हा ओथला. अर्थ वडिलोपार्जित मालमत्ता. आपल्याकडे वतन म्हणू. "वारसा म्हणून घेतला," तो म्हणाला. एसएसच्या 'प्रिन्स ऑयगेन' डिव्हिजनचं चिन्ह हेच होतं, आणि १९९४ मध्ये जर्मनीने बंदी घातलेल्या 'विकिंग-युगेंड' या नवनाझी संघटनेचंही. पोराला पुढच्या महिन्यात ऑनसाइट जायचंय, जर्मनीलाच. सगळं सांगितल्यावर गप्प झाला.

सध्या पूर्ण बाह्यांचे शर्ट घेतलेत त्याने. आणि आईला फोनही केला. मेंगाई आहे म्हणे, वेल्ह्याची.